खांद्यापुढची गाठ

लम्पीबद्दल आता कोणी फारसं बोलत नाही. २०२२च्या पावसाळ्यात मात्र कळमेश्वर-काटोल रस्त्यावरच्या चहाच्या टपऱ्यांवर दुसरा विषय नव्हता. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातून बातमी आली, बघता बघता राज्यभर गुरांचे बाजार बंद झाले, ढोरांची ने-आण थांबली आणि सरकारने मदत जाहीर केली: दुभती गाय दगावली तर ३० हजार, बैल २५ हजार, वासरू १६ हजार. विदर्भाला हा रोग त्याआधीच, २०२० मध्ये, शिवून गेला होता. देशात तो पहिल्यांदा २०१९ मध्ये ओडिशात सापडला आणि जगात १९२९ मध्ये, आजच्या झांबियात.

कळमेश्वरपासून जवळच्या एका गावात माझे एक स्नेही राहतात. संत्र्याची बाग, एक बैलजोडी, दोन गाई. त्यांची भाची नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकली आणि आता सरकारी दवाखान्यात काम करते. यंदाच्या वासराला लस द्यायची की नाही, यावरून कोठ्यासमोर दोघांची जुंपली. मी मधे बसून चहा घेत होतो. त्यांचं बोलणं थोडं छाटून इथे देतो. माझी मतंही अधूनमधून घुसली आहेत, ती ओळखू येतील.

मामा: तू काहीही म्हण बाई, अंगावरचं बाहेर निघू द्यावं. दाबलं का ते आत जाते. लेकराले माता आली तं आपण काय करतो? उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवतो, घरात फोडणी देत नाही आन् वाट पाहतो. ढोराचंही तसंच.

भाची: बाहेर काय निघते, ते तरी सांगा.

मामा: इख. रोगाचं इख.

भाची: तुमच्या त्या पांढऱ्या गाईच्या मानेवरची गाठ आठवते? तशी गाठ कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर विषाणू असतोच, पण बाकीचा सगळा पसारा गाईचाच. रक्तातून पाझरलेलं पाणी, ढिगानं जमलेल्या पांढऱ्या पेशी, मेलेलं कातडं. विषाणू एकटाच आला असता आणि गाईच्या पेशींनी दखलच घेतली नसती, तर एवढी टणक गाठ उठली नसती.

मामा: म्हणजे गाठ गाईनंच केली?

भाची: दोघांनी मिळून. भांडण झाल्यावर घरातली भांडी कोणी फोडली हे जसं सांगता येत नाही, तसं.

मामांना हे पटलं नाही, पण आवडलं. घरातल्या भांड्यांचा त्यांना अनुभव असावा.

मामा: बरं, सुरुवातीपासून सांग. माशी चावली. पुढं?

भाची: माशी, डास, गोचीड, कोणीही. चावताना तोंडाला लागलेला विषाणू कातडीत जातो. पहिली गाठ पडते ती कातडीतल्याच पेशींशी. ज्या पेशीत विषाणू शिरला, तिला कळतं की आपल्या आत काहीतरी परकं छापलं जात आहे. मग ती इंटरफेरॉन नावाचं प्रथिन बाहेर सोडते. आजूबाजूच्या पेशींना ते लागलं की त्या स्वतःचं काम मंदावतात, विषाणूला लागणारी यंत्रसामग्री बंद करून ठेवतात. हे काही तासांतच सुरू होतं. तापही इथूनच चढतो.

मामा: आन् तुम्ही लोक तापाची गोळी देता.

भाची: १०५-१०६ च्या पुढे गेला, चारा सोडला, पाणी पिईना, तर द्यावी लागते. थोडा ताप कामाचा असतो, हे तुमचं खरं आहे.

इथे मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी नोंद घेतली.

भाची: त्याच वेळी कातडीत बसलेल्या दुसऱ्या पेशी कामाला लागतात. फांद्या फुटल्यासारख्या दिसतात त्या. १८६८ मध्ये बर्लिनला पाउल लांगरहान्स नावाच्या विद्यार्थ्याला त्या माणसाच्या कातडीत पहिल्यांदा दिसल्या. वय एकविसाच्या आतबाहेर. त्याला वाटलं, या मज्जातंतूच्या पेशी. त्यांचं खरं काम समजायला शंभराहून जास्त वर्षं लागली. त्या आणि त्यांच्या जातीच्या पेशी विषाणूचे तुकडे उचलतात आणि जवळच्या लसिका गाठीत नेऊन दाखवतात. मागे तुमच्या गाईच्या खांद्यापुढे मी हात फिरवला होता, आठवते? मुठीत मावेल एवढी गाठ लागली होती.

मामा: मी तं समजलो, तीच लम्पी.

भाची: ती लम्पीची गाठ नव्हती. ती गाईची स्वतःची, प्रत्येक जनावरात असलेली. एरवी हाताला मोठ्या मुश्किलीनं लागते. ती सुजते, कारण आत टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींची निवड चाललेली असते. हजारो प्रकारच्या टी-पेशींतून ज्या थोड्या त्या तुकड्याला ओळखतात, त्यांचीच तिथे भराभर वाढ होते. मग त्या रक्तातून परत कातडीकडे निघतात. काही जणी विषाणू असलेल्या पेशीला मारतात, काही दुसऱ्या पेशींना हुकूम सोडतात. याला आठवडा लागतो, कधी जास्त.

मामा: आठवडाभर गाय काय करते?

भाची: वाट पाहते. तुम्ही पाहता तशी.

भाचीचा हा टोमणा मामांनी सोडून दिला. वासरू दोरीला ताण देत होतं, ते त्यांनी आवळून बांधलं आणि परत येऊन खाटेवर बसले.

मामा: मग गाठ मधून मरते काऊन? आमच्या गाईच्या गाठी सुकल्या, मधला खुंट्यासारखा तुकडा सुटून पडला आन् खाली लाल खड्डा. त्यात अळ्या पडल्या. पंधरा दिवस ड्रेसिंग केलं मी.

भाची: लम्पीचा विषाणू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही धरतो. तिथे पांढऱ्या पेशी धावतात, वाहिनीची भिंत सुजते, रक्त गोठतं आणि त्या वाहिनीवर जगणारं कातडं उपाशी मरतं. मेलेला तुकडा सभोवतालच्या जिवंत कातडीपासून सुटतो. तुम्ही पाहिलात तो खुंटा तोच. पडल्यावर तो मातीत पुरायचा. खपलीत विषाणू महिनाभर तग धरतो.

मामा: म्हणजे गाईच्या पेशींनी जरा दमानं घेतलं असतं, तर खड्डा पडला नसता.

भाची: अगदी. पण दमानं घेतलं असतं, तर विषाणू फुप्फुसात आणि घशात पसरला असता.

मामा: मग तुमच्याकडं सूज उतरवायचं इंजेक्शन असते ना? मागं एका खासगीवाल्यानं दिलं होतं कोणाच्या गाईले. दोन दिवसांत सूज खाली.

भाची: स्टेरॉइड असेल. सूज उतरते, कारण त्यानं पांढऱ्या पेशींचे हात बांधले जातात. विषाणूचे मोकळे राहतात. मामा, दाबलं की आत जातं असं जे तुम्ही मघाशी म्हणालात, ते लसीला लागू होत नाही. या इंजेक्शनला लागू होतं.

मला वाटतं, आमच्या आयाबायांचा हा नियम अनुभवातूनच आलेला आहे. त्याचं कारण त्यांनी विष सांगितलं, शाळेत आपण दुसरं शिकलो. पण कोणत्या वेळी हात आखडावा, हे त्यांना कळलं होतं. हात आखडण्यापलीकडे मात्र त्यांच्याकडे काही नव्हतं आणि तिथेच हा नियम अपुरा पडतो. देवीच्या साथीत वाट पाहणाऱ्यांपैकी किती तरी लेकरं वाट पाहतानाच गेली.

मामा: बरं, ते राहू दे. मले हे सांग, गावराणी गाय तगली आन् जर्सी मेली, हे कसं? माह्या शेजाऱ्याची जर्सी १८ लिटरवाली, आठ दिवसांत गेली. माही गवळाऊ रक्ताची पांढरी, दोन किलो दूध देणारी, उठून उभी राहिली. पेशी तं दोघींतही असतील.

भाची: पातळ कातडीच्या, जास्त दुधाच्या जातींना लम्पी जड जातो, हे सगळीकडे दिसलं आहे. तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पण त्यावरून "गावराणीला काही होत नाही" असा नियम काढू नका. २०२२ मध्ये राजस्थान-गुजरातेत किती देशी गाई गेल्या, ते आठवा. शिवाय विषाणू टोचला तरी सगळ्याच जनावरांच्या अंगभर गाठी उठत नाहीत. प्रयोगात मुद्दाम टोचलेल्या जनावरांतही जवळजवळ अर्ध्यांना अंगभर गाठी येत नाहीत. तुमची पांढरी गावराणी म्हणून वाचली की नशीब म्हणून, हे एका गाईवरून ठरत नाही.

मामा: तुम्हा डॉक्टर लोकांचं असंच. आमचं खरं निघालं का ते एकाच गाईचं, तुमचं खरं निघालं का ते शास्त्र.

याला उत्तर नव्हतं. ती हसली.

भाची: एक गोष्ट मात्र गाईकडे आहे, ती आपल्याकडे फार थोडी आहे. गॅमा-डेल्टा नावाच्या टी-पेशी. माणसाच्या रक्तातल्या टी-पेशींमध्ये त्या शंभरात चार-पाच. वासराच्या रक्तात मात्र लिंफोसाइट पेशींपैकी निम्म्यापर्यंत त्या असू शकतात. कातडीत आणि आतड्याच्या अस्तरात त्या फिरत असतात आणि लसिका गाठीतल्या निवडीची फारशी वाट न पाहता कामाला लागतात. वासरात त्या एवढ्या का असतात, यावर अजून लोक काम करताहेत.

मामा: मग वासराले लस कायले पाहिजे? तूच म्हणून राहिली, त्याच्याजवळ जास्त आहेत.

भाची: जास्त असणं आणि ओळख असणं वेगळं. तेच तर माझं म्हणणं आहे. जाहिरातीत दिसते ना, प्रतिकारशक्ती वाढवा. वाढवून काय करायचं? त्या खड्ड्यात पेशी कमी होत्या का? गर्दी होती म्हणूनच खड्डा पडला. या विषाणूला आधी पाहिलेल्या पेशी असल्या, तर त्या लवकर पोहोचतात. सुरुवातीलाच विषाणू थोडा असतो, म्हणून धुडगूसही थोडा होतो.

मामा: राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाचं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं, विड्याची दहा पानं, दहा ग्रॅम मिरे, दहा ग्रॅम मीठ, गुळात कुटून चारा. मी चारलं. ते काय पेशींसाठी नव्हतं?

भाची: चारलं ते चांगलं केलं. तोंडाला चव आली, गाय चारा खाऊ लागली, तर तेही औषधच. जखमेवर कडुलिंब, हळद, तेल लावलं, माशा बसल्या नाहीत, तेही बरोबर. पण त्या पानातून विषाणूची ओळख होत नाही. ओळख करून द्यायची असेल, तर विषाणू दाखवावाच लागतो. खरा, नाहीतर त्याचा नातलग.

मामा: नातलग! शेळीची लस गाईले. गावात लोक हसत होते. म्हणे उद्या कोंबडीची लस बैलाले देतील.

भाची: शेळीची देवी, मेंढीची देवी आणि लम्पी, हे तिघे सख्खे भाऊ. त्यांची जनुकं एकमेकांशी शंभरात ९६-९७ जुळतात. म्हणून शेळीच्या देवीची लस, उत्तरकाशी वाणाची, देशभर गाईंना दिली. महाराष्ट्रात तर सरकारनं फुकट दिली. आपल्याकडे २०१९च्या पशुगणनेत गाई-बैल १ कोटी ४० लाखांच्या घरात होते, म्हणजे ही केवढी मोठी गोष्ट झाली ते बघा. खास लम्पीची लस हिसारच्या आणि इज्जतनगरच्या केंद्रीय संस्थांनी तयार केली, ऑगस्ट २०२२ मध्ये ती जाहीर झाली. पण जाहीर होणं वेगळं आणि कोठ्यापर्यंत पोहोचणं वेगळं. आणि मामा, तुमच्या दंडावरची खूण कशाची आहे?

मामांनी बाही वर केली. दंडावर दोन गोल, किंचित खोल, बारीक रेषा असलेले व्रण. लहानपणी काढलेल्या देवीचे. साठीच्या पुढच्या बहुतेकांच्या दंडावर ते असतात आणि बहुतेकांना त्यांचा विसर पडलेला असतो.

मामा: ते मले इचारून थोडंच काढले.

भाची: तीही माणसाच्या देवीची नव्हती, तिच्या नातलगाची होती. जेन्नरनं १७९६ मध्ये गाईच्या देवीचा वापर केला. सहा वर्षांत ती लस बगदाद-बसऱ्यामार्गे मुंबईत आली, वाटेत एका दंडावरून दुसऱ्या दंडावर. १४ जून १८०२ला मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली, भारतातली पहिली. आता तुमचा व्रण बघा. तिथे आधी फोड आला असेल, मग खपली धरली असेल. तो फोड म्हणजे टी-पेशी पोहोचल्याची खूण. फोड आला नाही, तर देवीडॉक्टर पुन्हा टोचायचे.

मामा: म्हणजे मुद्दाम लहानसा खड्डा पाडला.

भाची: मोठा पडू नये म्हणून. आणि गंमत अशी, तो खड्डा कातडीत पाडला हे बरोबरच झालं. २०१० मध्ये बोस्टनला थॉमस कुपर यांच्या प्रयोगशाळेनं उंदरांवर दाखवलं की तीच लस स्नायूत टोचण्यापेक्षा कातडीवर खरवडून दिली, तर टी-पेशींचं संरक्षण जास्त चांगलं मिळतं. दोन वर्षांनी त्यांनीच दाखवलं की काही टी-पेशी लढाई झाल्यावर रक्तात परत जात नाहीत, कातडीतच राहतात. आणि फक्त जिथे टोचलं तिथेच नाही, अंगभर. माणसाच्या सगळ्या कातडीत मिळून टी-पेशी रक्तातल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट आहेत, असा अंदाज आहे. अमेरिकेत देवीची लस घेतलेल्या म्हाताऱ्यांचं रक्त तपासलं, तर कित्येक दशकांनंतरही त्या विषाणूला ओळखणाऱ्या पेशी सापडल्या.

मामांनी बाही खाली केली नाही. व्रणावर अंगठा फिरवत राहिले. साठ वर्षांपूर्वी सरकारने विचारलं नाही, ही तक्रार मात्र त्यांनी सोडली नसावी, असा माझा अंदाज.

मामा: मान्य. पण मग २०२२ मध्ये लस दिलेल्या ढोरालेही लम्पी झाली, ते कसं? आमच्या गावातच झाली. लसीच्या दहा दिवसांनी.

भाची: दहा दिवसांनी म्हणजे लस देताना विषाणू आधीच अंगात होता. चावल्यापासून गाठी दिसायला दोन ते चार आठवडे लागू शकतात आणि लसीचं संरक्षण पूर्ण यायला तीन आठवडे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असल्या, तर विषाणू जिंकतो. लस साथ येण्याआधी द्यायची असते.

मामा: ते कोणाले सांगते? आमच्याकडं टोचणारे आले तेव्हा शेजारच्या वाड्यात गाय पडलेली होती. आन् एकच सुई, पाच ढोरं. मी माह्या डोळ्यानं पाहिलं.

भाची गप्प झाली. इथे वाद मामांच्या बाजूने झुकला आणि तिनेही ते लपवलं नाही. एका जनावराला एक सुई, हा नियम कागदावर सगळीकडे आहे. पण शंभर गुरांच्या दावणीपुढे उभं राहिलेल्या, दिवसाचा आकडा पूर्ण करायचा असलेल्या माणसाच्या हातून तो सुटतो. जे काम गोचीड करते, तेच मग सुई करते. गावात लसीबद्दल जो अविश्वास आहे, त्याचा मोठा भाग असा डोळ्यांनी पाहिलेला असतो आणि तो अडाणीपणाच्या खात्यात टाकणं मला तरी पटत नाही.

भाची: ते चुकलंच. मी असते तर सुया मोजून घेतल्या असत्या. तुम्हीही आता मोजून घ्या. टोचणारा आला की आधी सुया दाखव म्हणायचं. तुमचा हक्क आहे.

मामा: आन् त्या वेळी जिल्ह्यातून कोणी आलं होतं, रक्त घेऊन गेलं. लस दिलेल्या एका बैलाच्या रक्तात म्हणे काहीच सापडलं नाही. मग लस गेली कुठं?

भाची: रक्तात शोधतात ती प्रतिपिंडं. या कुळातल्या विषाणूंमध्ये लसीनंतर प्रतिपिंडं कमी असतात, कित्येकदा चाचणीत दिसतही नाहीत, तरी जनावर वाचतं. कारण खरं काम टी-पेशींचं आहे. हा विषाणू पेशींच्या आत राहून पसरतो आणि प्रतिपिंडाला पेशीच्या आत शिरता येत नाही. टी-पेशी मोजायची चाचणी गावोगाव करता येत नाही, म्हणून रक्तातलं जे सापडतं त्यावर आपण बोलतो. विषाणूही काही कमी नाही. त्याच्या जनुकांत गाईच्याच संदेश-प्रथिनांच्या नकला आहेत. इंटरफेरॉनला आधीच अडकवून ठेवणारी प्रथिनं तो तयार करतो, म्हणजे पेशीनं दिलेला निरोप शेजारणीपर्यंत पोहोचतच नाही. एक प्रथिन तर गाईच्या पेशींना "आता थांबा, पुरे" असं सांगणाऱ्या प्रथिनाची नक्कल आहे.

मामा: हे तं माणसापेक्षा हुशार निघालं.

भाची: हुशार नाही, जुनं आहे. लाखो वर्षं हेच करत आलं आहे.

चहा संपला. भाचीने वासराचे कान, मान, मांड्यांच्या आतली बाजू तपासली, दोन गोचीड काढून काडीने चिरडले आणि खांद्यापुढे हात फिरवला. काही लागलं नाही.

भाची: याला चार महिने झाले की लस द्या. आधी नको. आईच्या चिकातून प्रतिपिंडं आलेली असतात, ती जिवंत लसीलाच खाऊन टाकतात. गाईच्या गर्भात वासराला ती मिळत नाहीत, चिकातूनच मिळतात. म्हणून पहिल्या काही तासांत चीक पाजायचा.

मामा: थांब, थांब. आत्ताच तू म्हणाली, लसीनंतर प्रतिपिंडं दिसत नाहीत. मग चिकात कुठून आली?

मी वहीतून वर पाहिलं. प्रश्न बिनतोड होता.

भाची: (थोडं थांबून) कमी असतात म्हणाले, नसतात असं नाही. आणि ज्या गाईला खरा लम्पी होऊन गेला, तिच्यात चांगली असतात. या वासराची आई कोणती?

मामा: पांढरीच.

भाची: मग हिच्या चिकात भरपूर आली असतील. दुसऱ्या गाईला लम्पी झालाच नव्हता, फक्त लस होती. तिचं वासरू झालं की त्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागेल. ते मला विचारा तेव्हा.

मामा: म्हणजे याले केव्हा?

भाची: हे कधीचं?

मामा: शिमग्याच्या आदल्या दिवशीचं.

भाची: मग आषाढात. माशा वाढायच्या आधी जमलं तर आणखी बरं. आणि सुई नवीन.

मामा: सुई मी स्वतः आणीन, कळमेश्वरच्या दुकानातून. पण गावराणीचं मी मानलं नाही, सांगून ठेवतो.